मेंढीचें स्त्रीबीज प्रयोगशाळेंत पिकतें, तें कितपत?

शेतकऱ्यांच्या मासिकांत मेंढीच्या अंडाशयाची व त्यांतील सूक्ष्म बीजाची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत प्रथमच उभा राहील. ऊंस, कांदा, कपाशी, पाटाचें पाणी आणि बाजारभाव हे आमचे नित्याचे विषय. त्यांत हा विषय आगंतुक पाहुण्यासारखा वाटणें साहजिक आहे. तथापि ज्याच्या घरीं दोन-चार पिढ्या जमीन कसली गेली आहे त्यास निराळें सांगावयास नको कीं, सुगी आटोपल्यावर धनगराच्या मेंढरांचा वाडा रानांत बसला म्हणजे त्या रानाचें पुढील पीक वेगळेंच दिसतें. शिवाय आतां आमच्यापैकींच कित्येकांच्या मुलांनीं बांधालगत बंदिस्त मेंढीपालनाचे गोठे उभे केले आहेत. तेव्हां एका मेंढीस वर्षाकाठीं किती कोंकरें होतात व त्यांतलीं किती जगतात, हा प्रश्न केवळ धनगराचा राहिलेला नसून सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे अशा खातेदाराचाही झाला आहे.

गाईम्हशींच्या बाबतींत प्रयोगशाळेंत बीज फळवून गर्भ तयार करण्याची विद्या आपल्या देशांत येऊन बरींच वर्षें झालीं. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेंत १९९० सालीं या रीतीनें म्हशीचें पारडूं जन्मास आलें व त्याचें नांव ‘प्रथम’ असें ठेवण्यांत आलें. आतां मेंढ्याशेळ्यांविषयींही तशींच बोलणीं कानीं येऊं लागलीं आहेत, आणि आपल्या संघानें अशा कामीं कांहीं रक्कम घालावी अशी सूचना सभासदांत चर्चिली जात आहे. सूचना वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु होकार किंवा नकार देण्यापूर्वीं हा सारा डोलारा ज्या एका पायरीवर उभा आहे ती पायरी नीट पाहिली पाहिजे. ती पायरी म्हणजे मेंढीचें कच्चें बीज शरीराबाहेर कांचेच्या बशींत अंतःस्रावांच्या साहाय्यानें पिकविणें ही होय. आमचें मत थोडक्यांत असें कीं, या पायरीवर जें बीज ‘पिकलें’ म्हणून मोजलें जातें तें दिसण्यांत पिकलेलें असतें, गुणानें पिकलेलें असेलच असें नाहीं. आणि हा भेद ज्यास उमगला नाहीं त्यानें या कामांत पैसा घालण्याची घाई करूं नये.

प्रथम मेंढीच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. तिच्या गर्भाशयाच्या दोन शिंगांच्या टोकांपाशीं बदामाएवढे दोन अंडाशय असतात. त्यांत बीजें हजारोंनीं असतात, आणि तीं जन्मानंतर नवीं होत नाहींत; मेंढी स्वतः आपल्या आईच्या पोटांत असतांनाच तीं तयार झालेलीं असतात. मेंढीच्या शरीरांतील प्रत्येक पेशींत ५४ गुणसूत्रें असतात. मेंढ्याच्या बीजाशीं जोडी जमावयाची तर स्त्रीबीजानें त्यांपैकीं निम्मींच, म्हणजे २७, जवळ ठेवावयाचीं असतात. ही वांटणी करण्यास बीज सुरुवात करतें आणि अर्ध्यावरच थांबून निजतें. ती निद्रा महिनोगणती, कधीं वर्षोगणती चालते. या काळांत तें एका पाण्यानें भरलेल्या लहानशा फोडांत, ज्यास आपण पुटिका म्हणूं, हळूहळू वाढत असतें व भोंवतालच्या पेशींकडून पोसलें जात असतें.

मेंढीच्या माजाची फेरी सुमारें सतरा दिवसांची. प्रत्येक फेरींत कांहीं पुटिका वाढीस लागतात. त्यांतील एखाददुसरी पुढें जाते व बाकीच्या जिरतात. हें सारें ज्यांच्या हुकमानें चालतें ते अंतःस्राव मेंदूच्या तळाशीं असलेल्या लहानशा पीयूषिका ग्रंथींतून रक्तांत उतरतात. त्यांपैकीं एकास एफ. एस. एच. म्हणतात, तो पुटिकेस वाढवितो. दुसरा एल. एच.; तो एरव्हीं थेंबाथेंबानें पाझरतो, परंतु माजाच्या आरंभीं त्याचा एकदम लोट येतो. वाढत्या पुटिकेच्या पेशी स्वतः ईस्ट्राडायॉल नांवाचा तिसरा स्राव तयार करतात, व त्यानेंच मेंढी माजावर येते. एल. एच. चा लोट आल्यापासून सुमारें एका दिवसानें पुटिका फुटून बीज बाहेर पडतें. या एका दिवसांतच निजलेलें बीज जागें होतें, त्याच्या केंद्रकाचें आवरण विरघळतें, गुणसूत्रांची वांटणी होते, आणि नको असलेला वांटा एका सूक्ष्म गोळीच्या रूपानें बाजूस टाकला जातो. सूक्ष्मदर्शकाखालीं ही गोळी दिसली कीं प्रयोगशाळेंतला मनुष्य आपल्या वहींत ‘परिपक्व’ असा शेरा मारतो. ह्या शेऱ्याविषयीं आम्हांस पुढें बोलावयाचें आहे.

येथें एक बारकावा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हे अंतःस्राव बीजाशीं थेट बोलत नाहींत. आमचा जन्म महसूल खात्यांत गेल्यामुळें आम्हांस याची उपमा तेथलीच सुचते. कलेक्टरसाहेबांचा हुकूम खातेदाराच्या हातीं कलेक्टर स्वतः नेऊन देत नसतात; तो मामलेदाराकडे येतो, तेथून सर्कलकडे, सर्कलकडून तलाठ्याकडे, आणि तलाठी तो चावडीवर वाचून दाखवितो. तसेंच येथें आहे. एल. एच. चा हुकूम प्रथम पुटिकेच्या भिंतींतील पेशींस पोंचतो. त्या पेशी आपल्या परीनें दुसरे निरोप तयार करून बीजाला बिलगलेल्या पेशींच्या पुंजक्याकडे पाठवितात. आणि हा पुंजका, ज्याचे सूक्ष्म धागे बीजाच्या कवचांतून आरपार आंत गेलेले असतात, तो निरोप बीजास देतो. मधल्या निरोप्यांपैकीं कांहींचा शोध २००४ सालीं उंदरांवरील प्रयोगांत लागला. उलट दिशेनेंही बोलणें चालतेंच. बीज आपल्याकडून कांहीं द्रव्यें सोडून भोंवतालच्या पेशींस कसें वाढावें तें सांगत असतें. न्यूझीलंडमधील इन्व्हर्डेल नांवाच्या मेंढ्यांत असल्याच एका द्रव्याच्या जनुकांत बिघाड आहे. तो एका बाजूनें आला तर मेंढी जुळीं देते, दोन्ही बाजूंनीं आला तर वांझ राहते. हें कोडें २००० सालीं उलगडलें. तात्पर्य, बीजाभोंवतीचा पुंजका ओरबाडून काढला तर बशींत कितीही अंतःस्राव ओतला तरी तो हुकूम तलाठ्यावांचून चावडीच्या दारांत पडून राहिलेल्या लखोट्यासारखा होतो.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. १९३५ सालीं पिंकस व एन्झमन या दोघां संशोधकांनीं सशाच्या बीजांवर प्रयोग करतांना एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. पुटिकेंतून बीज बाहेर काढून बशींत ठेवलें कीं, कोणताही अंतःस्राव न देतांच तें आपोआप जागें होऊन गुणसूत्रांची वांटणी करूं लागतें. १९६५ सालीं रॉबर्ट एडवर्ड्स यांनीं उंदीर, मेंढी, गाय, डुक्कर, माकड व मनुष्य या सर्वांच्या बीजांत हीच गोष्ट दाखवून दिली. प्रथमदर्शनीं वाटेल कीं मग अंतःस्रावांचें काम तें काय उरलें? परंतु याचा खरा अर्थ निराळा आहे. पुटिका बीजास केवळ पोसत नसते, तर निजवूनही ठेवीत असते. भोंवतालच्या पेशी त्यास सतत असा निरोप देत असतात कीं अजून वेळ झाली नाहीं. बीज बाहेर काढलें कीं हा लगाम सुटतो व तें वेळेआधींच धांवूं लागतें. तें पिकण्यास तयार झालेलें नसतें, त्यास कोणी थोपविणारें उरलेलें नसतें, एवढेंच.

कोंकणांतल्या किंवा देशावरच्या कोणत्याही आंबेवाल्यास हें समजण्यास अडचण पडूं नये. झाडावर पाड लागल्यावर उतरविलेला आंबा आढींत घातला तर आठ-दहा दिवसांत रंग, वास व गोडी तिन्ही आणतो. पाड लागण्यापूर्वींच घाईनें झोडपलेला कोंवळा आंबाही आढींत पिवळा पडतो. त्यास पावडरीचा धूर दिला तर अधिकच लवकर पडतो. बाजारांत दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात. सुरी लावल्यावर काय तें कळतें. मेंढीचें बीजही असेंच आहे. केंद्रकाचें पिकणें हा त्याचा पिवळा रंग, आणि पेशीद्रवाचें पिकणें ही त्याची गोडी. केंद्रक पिकलें कीं नाहीं तें डोळ्यांनीं दिसतें. पेशीद्रव पिकलें कीं नाहीं तें गर्भ धरल्यावर, किंबहुना कोंकरूं उभें राहिल्यावर कळतें.

हा भेद मेंढीच्या बाबतींत स्पष्टपणें मांडण्याचें श्रेय केंब्रिज येथें काम करणाऱ्या मूर व ट्राउन्सन या दोघांस आहे. त्यांचा निबंध १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं कांहीं बीजें पुटिकेबाहेर काढून पिकविलीं, आणि कांहीं बीजें पुटिका अखंड ठेवून, ती पुटिकाच बशींत जगवून, तिला एफ. एस. एच., एल. एच. व ईस्ट्राडायॉल यांचा पुरवठा करून पिकविलीं. मग अशीं बीजें, मेंढ्याचें बीज अगोदरच दिलेल्या मेंढ्यांच्या बीजनलिकेंत सोडून त्यांचें पुढें काय होतें तें पाहिलें. बाहेर काढून पिकविलेल्या बीजांचें केंद्रक यथास्थित पिकलें होतें. वहींतला शेरा दोहोंकडे सारखाच पडला असता. परंतु फलनानंतर त्यांतलीं बहुतेक अडखळलीं. पुटिकेंत राहून योग्य अंतःस्राव मिळालेलीं बीजें मात्र पुढें चांगले गर्भ देऊं शकलीं. ईस्ट्राडायॉलाची जोड ही केवळ शोभेची नव्हती, हेंही त्यांत दिसून आलें. अपुऱ्या पिकलेल्या बीजांत मेंढ्याचा शुक्रजंतु शिरतो खरा, परंतु त्याचें घट्ट वळलेलें डोकें आंत उलगडत नाहीं; कारण तें उलगडण्यास लागणारी सामग्री पेशीद्रवानें जमविलेलीच नसते. सुगरणीनें चूल पेटविली आणि डब्यांत पीठच नाहीं, असा हा प्रकार आहे.

पुढें १९८४ सालीं स्टेगमिलर व मूर यांनीं दाखविलें कीं, सबंध पुटिका जगविण्याचा खटाटोप टाळतां येतो. बीजाभोंवतींचा पुंजका राखून, जोडीला पुटिकेच्या भिंतींतील पेशी बशींत घालून व तेच अंतःस्राव देऊन बाहेरही समर्थ बीज पिकवितां येतें. आजची रीत बरीचशी या वाटेनेंच आलेली आहे. खाटीकखान्यांतून आणलेल्या अंडाशयांच्या पुटिकांतून सुईनें बीजें ओढून घेतात. ज्यांच्याभोंवतीं पेशींचे दाट थर आहेत तींच निवडतात व उघडीं पडलेलीं टाकून देतात. निवडलेलीं बीजें पोषकद्रवांत घालून, त्यांत एफ. एस. एच., एल. एच., बहुधा ईस्ट्राडायॉल, आणि रक्तद्रव किंवा पुटिकेंतलें पाणी मिसळून सुमारें ३९ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पेटींत, शेंकडा पांच कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेंत चोवीस तास ठेवतात. एफ. एस. एच. नीट लागू पडल्याची एक खूण डोळ्यांस दिसते. घट्ट बिलगलेला पेशींचा पुंजका मधासारखा चिकट होऊन फुलतो. कोणता स्राव किती घालावा याविषयीं निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहींत, आणि याचें एक कारण उघड आहे. रक्तद्रव हा कांहीं कोरा पदार्थ नव्हे. ज्या जनावराचें तें रक्त त्याचे अंतःस्राव त्यांत अगोदरच असतात. ज्या ओढ्यास आधींच पाणी आहे त्यांत घागरभर ओतून पाणी किती वाढलें हें मोजणें कठीणच.

आतां हिशेबाकडे येऊं, कारण आमच्या मतें सारी मेख तेथेंच आहे. चांगल्या प्रयोगशाळेंत निवडून घेतलेल्या शंभर बीजांपैकीं सत्तर-ऐशींवर ‘परिपक्व’ हा शेरा पडतो. त्यांतलीं बरींच फळतात व दुभंगतात. परंतु सहा-सात दिवसांनीं गर्भाशयांत ठेवण्याजोगा पोकळ गोळा तयार होण्यापर्यंत शंभरांतलीं तीसएक पोंचलीं तर काम उत्तम झालें असें समजतात. यांतले सगळे गर्भ मेंढींत रुजत नाहींत, व रुजलेले सगळे जन्मत नाहींत. महसूल खात्यांत पेरणीचा आकडा व आणेवारीचा आकडा हे दोन निराळ्या तक्त्यांत लिहीत, तें उगाच नव्हे. पेरणी शंभर टक्के झाली म्हणून कोणी साऱ्याची वसुली ठरवीत नसे. पीक उभें राहिल्यावर पंचांसमक्ष पाहून मग आणे ठरत. बीज पिकलें हा पेरणीचा आकडा आहे. गर्भ तयार झाला हाही फार तर उगवणीचा आकडा. कोंकरूं आईचें दूध तोडून चाऱ्यास लागलें ही आणेवारी. जो कोणी आमच्यापुढें पहिला आकडा ठेवून तिसऱ्याचे पैसे मागेल त्याच्याशीं व्यवहार करतांना सावध असावें.

डॉली नांवाच्या मेंढीची कीर्ति सर्वांच्या कानीं आहे. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेंत ५ जुलै १९९६ रोजीं ती जन्मली. तिच्या बाबतींत मेंढीच्या स्तनांतील पेशी बीजाशीं जोडण्याचे प्रयोग २७७ झाले. त्यांतून २९ गर्भ मेंढ्यांत ठेवण्याजोगे निघाले. ते १३ मेंढ्यांत ठेवले, आणि जिवंत कोंकरूं एक. तो प्रयोग वेगळ्या जातीचा होता व त्यांतलीं बीजें मेंढ्यांच्या पोटांतच पिकलेलीं होतीं, म्हणून त्याची तुलना येथें सर्वस्वीं लागू नाहीं. पण त्या संशोधकांनीं २७७ पासून एकापर्यंतचा प्रत्येक रकाना उघड छापला, ही गोष्ट आम्हांस त्या मेंढीपेक्षांही अधिक स्मरणांत ठेवण्यासारखी वाटते.

हिशेबाच्या शेवटच्या रकान्यानंतरही एक रकाना आहे. १९९० नंतरच्या दशकांत असें दिसून आलें कीं, रक्तद्रव किंवा इतर पेशींच्या संगतींत बशींत वाढविलेल्या गर्भांपासून झालेलीं कांहीं कोंकरें जन्मतः फार मोठीं निघतात, प्रसूति अडते, व कांहीं दगावतात. २००१ सालीं रोझलिनच्याच संशोधकांनीं दाखविलें कीं, अशा गर्भांत वाढीस आवर घालणाऱ्या एका जनुकावरची खूण कमी झालेली असते. हा दोष बीज पिकविण्याच्या पायरीपेक्षां पुढच्या पायरीचा आहे हें खरें. परंतु बीज पिकण्याच्या काळांत आईचें पोषण कसें होतें याचेंही दूरवरचें परिणाम आहेत. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक मेंढीवाल्यानें ऐकण्यासारखा आहे. त्यांनीं कांहीं मेंढ्यांस, फळण्यापूर्वीं आठ आठवडे व नंतर अवघे सहा दिवस, कोबाल्ट व गंधक कमी असलेलें खाद्य दिलें. त्यामुळें त्यांच्या शरीरांत बी-१२ जीवनसत्त्व व तत्सम द्रव्यें कमी पडलीं. मग त्यांचे गर्भ काढून चांगल्या पोसलेल्या मेंढ्यांत ठेवले. कोंकरें जन्मलीं तेव्हां तीं साधारण दिसलीं. मोठीं झाल्यावर मात्र तीं अधिक वजनदार झालीं, आणि विशेषतः नरांत रक्तदाब वाढला व इन्सुलिनास शरीर पूर्वीसारखें जुमानेना. म्हणजे मेंढी गाभण राहण्यापूर्वींच्या दोन महिन्यांतील दावणीचा हिशेब कोंकराच्या उभ्या आयुष्याच्या खातीं जमा होतो.

ऑस्ट्रेलियांत या विद्येचा उपयोग एका धाडसी रीतीनें करून पाहिलेला आहे. सहा-आठ आठवड्यांच्या मादी कोंकरांस एफ. एस. एच. टोचलें कीं त्यांच्या अंडाशयांत पुटिका डझनांनीं वाढतात. त्यांतलीं बीजें काढून प्रयोगशाळेंत पिकवावयाचीं व फळवून दुसऱ्या मेंढ्यांत ठेवावयाचीं. असें केलें म्हणजे पिढीपिढींतलें अंतर निम्म्याहून कमी होतें. पण तेथेंही तोच अनुभव. कोंकराचें बीज केंद्रकापुरतें मोठ्या मेंढीच्या बीजासारखें पिकतें, गर्भ मात्र कमी धरतात. पाड लागण्यापूर्वींचा आंबा तो आंबाच, पण.

यावरून कोणी असा समज करून घेऊं नये कीं ही विद्या फोल आहे, किंवा तीवर खर्च होणारा सरकारी पैसा पाण्यांत जातो. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. मेंढीच्या बीजावर झालेल्या या कामावांचून मनुष्याच्या वंध्यत्वावरील उपचार आजच्या ठिकाणीं आले नसते. १९६५ सालीं मेंढीचीं व मनुष्याचीं बीजें एकाच निबंधांत पिकवून दाखविणाऱ्या एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांनींच १९७८ सालीं लुईस ब्राउन ही मुलगी जन्मली व त्यांस २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि केंब्रिजला मेंढीच्या पुटिका जगविणारे ट्राउन्सन पुढें मेलबर्न येथें याच कामीं नांवाजले. ज्यांनीं हें संशोधन केलें त्यांनीं स्वतःच ‘पिकलें म्हणजे समर्थ झालें नव्हे’ हें प्रथम सांगितलें. भीति वाटते ती त्यांचें अर्धें वाक्य उचलून बाजारांत येणाऱ्यांची.

आणि येथें आपल्या प्रांताशीं खरोखर संबंध असलेली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बंगालच्या सुंदरबनांत गॅरोल नांवाची लहानखुरी मेंढी आहे. ती जुळीं-तिळीं देते. १७९२-९३ च्या सुमारास बंगाली मेंढ्या जहाजानें ऑस्ट्रेलियांत गेल्या, व तेथल्या बुरूला मेरिनोंचा जुळीं देण्याचा गुण त्यांच्यापासूनच उतरला असें मानतात. त्या गुणाचें जनुक २००१ सालीं सांपडलें. त्याचें काम मोठें गमतीचें आहे. तें ज्या मेंढींत असतें तिच्या पुटिका लहान असतांनाच अंतःस्रावांस प्रतिसाद देऊं लागतात, आणि त्यामुळें एकाऐवजीं दोन-तीन बीजें एकाच वेळीं पूर्ण पिकतात. हें पिकणें बशींतलें नव्हे. पुटिका अखंड, पुंजका शाबूत, स्राव मेंढीचे स्वतःचे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें हें जनुक गॅरोलपासून घेऊन आपल्या दख्खनी मेंढींत उतरविलें व ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. आमची दख्खनी मेंढी एरव्हीं एका वेतास बहुधा एकच कोंकरूं देते. मूर व ट्राउन्सन यांस जें बशींत मोठ्या कष्टानें साधावें लागलें तें या मेंढींत निसर्गतःच साधतें, आणि त्याकरितां उबवण्याची पेटी लागत नाहीं, तर रक्ताची एक तपासणी केलेला मेंढा लागतो. अर्थात् जुळ्यांस दूध पुरविण्याची जबाबदारी मालकावर येते, हें विसरून चालणार नाहीं. रानांत दिवसभर चालणाऱ्या कळपास तें जड जाईल. बांधावर मका, लसूणघास व पेंड ज्याच्या घरीं आहे अशा खातेदारास जड जाऊं नये.

म्हणून आमची सूचना अशी कीं, संघानें रक्कम घालावयाची तर ती प्रथम अशा तपासलेल्या मेंढ्यांत व मेंढ्या फळण्याच्या आधींच्या दोन महिन्यांतील खुराकांत घालावी. मेंढा सोडण्यापूर्वीं मेंढ्यांस चांगला खुराक दिला कीं अधिक बीजें सुटतात, ही गोष्ट जुन्या मेंढपाळांसही ठाऊक होती. पश्चिम ऑस्ट्रेलियांत थोडेच दिवस ल्युपिनचे दाणे चारूनही तो परिणाम आकड्यांनिशीं दिसलेला आहे. खनिज मिश्रण दावणींत ठेवण्यास फारसा खर्च नाहीं. मात्र खुराकाच्या नांवाखालीं युरियाचा मारा करूं नये. त्यानें बीज व गर्भ यांस अपाय होतो हें मेंढ्यांवरील प्रयोगांतच आढळलें आहे.

प्रयोगशाळेची योजनाही सभेपुढें यावी. आम्ही तिला आडकाठी करणार नाहीं. उत्तम नराचें व उत्तम मेंढीचें रक्त लवकर पसरविण्यास तिचा उपयोग आहे, आणि आज ना उद्यां ती स्वस्त होईल. पण करारनाम्यांत किती बीजें पिकविलीं व किती गर्भ बनविले यांवर पैसे देण्याची अट असूं नये. गाईंच्या बाबतींत राष्ट्रीय गोकुळ अभियानांत सरकारनें या कामाचें अनुदान ठरवितांना तें खात्रीच्या गाभणपणावर ठेवलें, बीजांच्या संख्येवर ठेवलें नाहीं. मेंढीच्या बाबतींत आम्ही आणखी एक पाऊल पुढें जाऊं. पैसे द्यावयाचे ते तीन महिन्यांच्या, दूध तुटलेल्या, कानांत बिल्ला असलेल्या कोंकरावर. आणि पिकविलेलीं बीजें, फळलेलीं बीजें, ठेवलेले गर्भ, गाभण मेंढ्या, जन्मलेलीं कोंकरें, दगावलेलीं कोंकरें व जन्माच्या वेळचें वजन हे सारे रकाने सभासदांस पाहण्यास खुले असावे. बीजें कोणत्या वयाच्या मेंढ्यांचीं घेतलीं व तीं कोणत्या अंतःस्रावांनीं पिकविलीं हेंही लिहून घ्यावें. मसुदा चिटणीसांकडे येईल तेव्हां हे रकाने त्यांत आहेत कीं नाहींत तें आम्ही प्रथम पाहूं, आणि नसतील तर तो फेरतपासणीस परत पाठवावा असा ठराव मांडूं.